चांदणीवाल्या बाटल्यांचं कपाट

"माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही, ताई! किती वेळा सांगायचं?"

धाकटीचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा कुणीतरी बारीक केला. थोरली जाऊ वॉशिंग मशीनपुढे गुडघे टेकून बसली होती. तिच्या हातात लांब चिमटा होता आणि चिमट्याच्या टोकाला धाकटीचा पांढरा कोट, ओला, ठिबकणारा! सगळ्या घराचे कपडे तिनं बाहेर काढून बादलीत वेगळे टाकले होते.

"अगं, प्रयोगशाळेतला कोट घरच्या कपड्यांत नको. तिथलं तिथंच राहावं..."

"तिथला धोबी तीन आठवडे फिरकला नाही. तसाच मळका घालू? आणि चिमट्यानं उचलताय? माझा कोट म्हणजे काय मेलेला उंदीर आहे का?"

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "तिचं काय मनावर घेतेस तू! मी पुसलेला ओटासुद्धा ती पुन्हा पुसते. या घरात सगळ्यांचेच हात घाण, हिचे तेवढे स्वच्छ."

 थोरलीनं कोट पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं, मशीन रिकामंच एकदा फिरवलं आणि हात धुतले... दोनदा. तिसऱ्यांदा नळाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला, कारण तिघींपैकी दोघी तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात माया नव्हती!

दोघी जावा एकाच प्रयोगशाळेत कामाला होत्या. थोरली एकोणीस वर्षांपासून रसायनांचं कोठार सांभाळत होती. तिला तिथं सगळे चावीबाई म्हणत, आणि चावीबाईंनी मान हलवल्याशिवाय इथं पाणीसुद्धा उकळत नाही, अशी थट्टा करत. धाकटी दोन वर्षांच्या करारावर संशोधक म्हणून आली होती. कराराचे शेवटचे दोन महिने उरले होते. कोठाराच्या कोपऱ्यात एक कुलूपबंद कपाट होतं. त्यातल्या प्रत्येक बाटलीवर लाल चौकट आणि चौकटीत माणसाची काळी आकृती, जिच्या छातीवर जणू चांदणी फुटली आहे. कर्करोग, वांझपण, गर्भाला इजा... शरीरात शिरून वर्षानुवर्षं गप्प बसणाऱ्या द्रव्यांची ती खूण. प्रयोगशाळेत त्यांना चांदणीवाल्या बाटल्या म्हणत.

धाकटीच्या कामाला त्यांतलीच एक बाटली लागे, फॉर्मामाइडची. दिसायला पाणी. ना रंग, ना डोळ्यांत पाणी आणणारा वास. कातडीतून मात्र सहज आत जातं, आणि बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. दर पंधरवड्याला धाकटी ते मोजून घेई, मिश्रण करी, बारा नळ्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवी आणि लागेल तशी काचपट्ट्यांवरच्या चाचणीला वापरी.

महिन्यापूर्वी, घरी धाकटीचे वाळलेले कपडे खणात ठेवताना थोरलीला तिथं गोळ्यांची पट्टी दिसली होती. फॉलिक अ‍ॅसिड. दिवस राहिलेल्या बाईला देतात त्या. सात गोळ्या संपलेल्या. तिनं खण हळूच लोटला आणि भिंतीला टेकून उभी राहिली... मग एकेक आठवलं. सकाळी चहाचा कप तसाच राहतो, प्रयोगशाळेत दहाच्या आत दोनदा बेसिनकडे धाव, आणि चेहऱ्यावर ते विलक्षण, स्वतःपासूनही लपवलेलं हसू!

धाकटीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. का, हे थोरलीला वेगळं विचारावं लागलं नाही. प्रयोगशाळेत कळलं तर करार वाढेल की नाही कोण जाणे. घरी कळलं तर सासूबाई दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडायला लावतील. पण मग त्या बाटलीचं काय? धाकटी शिकलेली होती, तिला सगळं ठाऊक होतं. हातमोजे आहेत, हवा ओढून घेणारं हूड आहे, दोनच महिन्यांचा प्रश्न आहे, अशी स्वतःची समजूत ती घालत असणार. थोरलीनं हूडच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून पाहिली. पट्टी जेमतेम हलली. दुरुस्तीचा अर्ज तिनं तिसऱ्यांदा लिहिला.

धाकटीला सरळ विचारावं, असं तिला रोज वाटे. रोज ओठांपर्यंत येई आणि परत जाई... ज्या बाईची कूस चौदा वर्षं रिकामी, तिनं दुसरीला विचारायचं, 'तुला दिवस गेलेत का गं?' त्या प्रश्नात हेवा नाही हे कोण मानणार? आणि जे तिनं स्वतः सांगितलेलं नाही, ते दुसऱ्या कुणाला आपण कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून तिनं एक मार्ग काढला. तो चुकीचा होता, पण तेव्हा तिला तो एकच दिसला. ती सकाळी साडेसातला, कुणी यायच्या आत, प्रयोगशाळेत जाऊ लागली. हूडवर धाकटीनं चिकटवलेला कृतीचा कागद होता. तो वाचून, दोन जोड हातमोजे घालून, ती स्वतः मिश्रण करी आणि नव्या नळ्यांत भरून त्या धाकटीच्या नळ्यांत मिसळून ठेवी. झाकणांवर तशाच हिरव्या खुणा करी. नळ्या संपल्याच नाहीत तर बाटली उघडायची वेळ येणार नाही, एवढाच हिशेब! कपाटाच्या वहीत मात्र ती दरवेळी खरी नोंद करी. एकोणीस वर्षांत त्या वहीत तिनं एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.

आणि तीन आठवड्यांत धाकटीच्या काचपट्ट्या एकामागून एक कोऱ्या निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली जिथं तेजस्वी ठिपके दिसायला हवेत, तिथं नुसता अंधार!

"मी बारा नळ्या केल्या," धाकटी मॅडमच्या खोलीत बोलत होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम टेबलामागे होत्या. थोरलीला उभंच ठेवलं होतं. "पंधरा वापरल्या. आणि अजून सहा शिल्लक आहेत! नळ्या काय फ्रीजरमध्ये पिल्लं घालतात, मॅडम? म्हणून मी कपाटाची वही मागवली. बघा. दर तीन दिवसांनी यांची सही."

मॅडमनी वहीची पानं उलटली. "बाई, तुम्ही हिच्या नळ्यांत आणखी नळ्या ठेवल्यात?"

"हो."

"काय होतं त्यांत?"

"तेच मिश्रण. कागदावर लिहिल्याप्रमाणे, अर्ध्याला अर्धं."

"अर्ध्याला अर्धं?" धाकटी जवळजवळ किंचाळली. "मी ते प्रमाण महिन्यापूर्वी बदललंय! दहात चार भाग! फॉर्मामाइड वाढलं की काचपट्टीवर चमकणारी खूण धरतच नाही, धुऊन जाते सगळी... माझ्या वहीत स्पष्ट लिहिलंय!"

"कागदावर नव्हतं," थोरली पुटपुटली.

"पण मुळात तुम्ही हे का केलंत?" मॅडमचा आवाज थंड होता. "कुणी सांगितलं होतं?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा एक हात नकळत पोटावर गेला होता आणि दुसऱ्याच क्षणी तिनं तो खाली घेतला... एक वाक्य! एक वाक्य बोललं असतं तर एकोणीस वर्षांची अब्रू वाचली असती. पण त्या वाक्याची किंमत धाकटीनं मोजली असती, ऐन करार संपायच्या वेळी.

"सांगता येणार नाही, मॅडम."

"मग चावी ठेवा इथं. चौकशी होईपर्यंत तुम्ही काचसामान धुण्याच्या खोलीत बसा. कपाट हिच्याकडे राहील."

एकोणीस वर्षं कमरेला असलेली चावी तिनं काढून टेबलावर ठेवली. दारातून बाहेर पडताना तिला ऐकू आलं, धाकटी दबक्या आवाजात म्हणत होती, "घरीसुद्धा असंच, मॅडम. माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही त्यांना."

 घरी त्या संध्याकाळी जेवताना दिरानं, धाकटीच्या नवऱ्यानं, विचारलं, "वहिनी, काही चुकलं असेल तर सांगून टाक ना. तुझा तिच्यावर राग आहे का?"

"राग कसला," सासूबाई म्हणाल्या, "स्वतःचं काही फळलं नाही की दुसऱ्याचं बहरलेलं टोचतंच."

थोरलीच्या नवऱ्यानं घास खाली ठेवला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात थोरलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. चौदा वर्षांपूर्वीही तिनं त्याला असंच गप्प केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती धुण्याच्या खोलीत चंचुपात्रं पालथी घालत होती. दार ढकलून धाकटी आत आली. तिच्या छातीशी एक जुनी, पिवळ्या पानांची वही होती आणि डोळे सुजले होते.

"आज मला बाटली उघडायची होती," ती म्हणाली. "आधी जुनं प्रमाण कुठून आलं ते बघावं म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवरच्या वह्या काढल्या. ताई, ही चौदा वर्षांपूर्वीची आहे. रोज तुमची सही. रोज! मग अकरा दिवस काहीच नाही. आणि बाराव्या दिवशी, बघा, शेऱ्याच्या रकान्यात तुमच्या अक्षरात..."

तिनं वही पुढे धरली. थोरलीला ते पाठच होतं. 'आजपासून दोन जोड हातमोजे. बाटली हूडबाहेर काढू नये. कोणाला दिवस राहिले असतील, किंवा तशी शंका जरी असेल, तर हे काम दुसऱ्यानं करावं. तिनं सांगण्याची वाट पाहू नये.'

"त्या अकरा दिवसांत काय झालं होतं, ताई?"

नळ चालूच होता. थोरलीनं तो बंद केला.

"माझीही नोकरी तेव्हा कच्ची होती गं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. एकच जोड हातमोजे, तेही फाटेपर्यंत वापरायचे... आणि एक दिवस सगळं संपलं. घरी सांगितलं, ताप आहे. फक्त यांना माहीत."

"ते... त्या बाटलीमुळे?"

"ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. कशानंही होतं, पुष्कळदा होतं. खरंच असेल. पण चौदा वर्षं मी त्या बाटलीकडे संशयानंच बघत आले. आणि तुझ्या खणात गोळ्या दिसल्या तेव्हा... तीच बाटली डोळ्यांपुढे आली!"

धाकटी मटकन स्टुलावर बसली. मग एकदम हुंदका फुटला आणि त्याबरोबर रागही. "मग मला का नाही विचारलंत? मूल माझं, काम माझं, आणि निर्णय तुम्ही एकट्यानं घेतलात! माझे तीन आठवडे गेले, ताई! आणि तुम्ही रोज सकाळी ते स्वतःच्या अंगावर घेत होतात. तुम्हाला काय शरीर नाही? तुम्ही काय काचेच्या आहात?"

"चुकलं," थोरली म्हणाली. "नळ्यांना हात लावायला नको होता. विचारायला हवं होतं. पण भीती वाटली... तुला वाटेल, हिला हेवा वाटतोय."

धाकटीनं मान खाली घातली. "वाटलंच असतं," ती हळूच म्हणाली. "मॅडमसमोर मी तेच बोलले... ताई, मी काय बोलले हो तुम्हाला!"

तिनं थोरलीच्या ओल्या हातांत तोंड लपवलं. थोरलीनं हात झटकन मागे घेतले. "थांब, आधी साबण लावू दे!"

धाकटी रडता रडता हसली. "तुम्ही कधी सुधारणार नाही."

मॅडमकडे धाकटी स्वतः गेली आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कागदावर प्रमाण बदलायचं आपण विसरलो, हेही सांगितलं.  करार वाढेल असं वचन मॅडमनी दिलं नाही; वाया गेलेल्या आठवड्यांइतकी मुदत मागणारं पत्र मात्र तिच्यासमोर लिहिलं. हूड दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवायचं ठरलं. चावी परत देताना त्या थोरलीला म्हणाल्या, "तुमचा हेतू कळला, बाई. पण पुन्हा कुणाच्या नळीत गुपचूप थेंबही टाकलात, तर मी विसरणार नाही." थोरलीनं मान डोलावली. बोलणं योग्यच होतं.

घरी जाताना धाकटीनं विचारलं, "आईंना सांगू? तुमचं?"

"नको. तुझं तू सांग. माझं... बघू."

धाकटीनं आपलं सांगितलं. दीर खुर्चीतून उठलाच, आणि सासूबाईंनी तर दोन्ही हात गालांवर नेले. प्रयोगशाळेत ताईंनी काय केलं आणि का केलं, हेही धाकटीनं सांगितलं. सासूबाईंची नजर एकदाच थोरलीकडे वळली आणि ओशाळून परत गेली. पण आनंद मोठा होता, तो मावेना.

"या घरातलं पहिलं मूल!" त्या म्हणत होत्या. "किती वर्षं वाट पाहिली... पहिलं मूल!"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं.  थोरलीच्या नवऱ्यानंही पाहिलं. या वेळी थोरलीनं त्याला गप्प केलं नाही. ती पुढे आली.

"पहिलं नव्हे, आई," ती म्हणाली. "दुसरं."

सासूबाईंचं हसू तसंच राहिलं, आणि मग हळूहळू, एकेक वर्ष मागे जावं तसं, ओसरलं. तो ताप, ते अकरा दिवस, बंद खोलीचं दार... त्यांनी थोरलीचा हात धरला आणि तिला आपल्याजवळ बसवलं.

"कितवा महिना होता गं?"

चौदा वर्षांत हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता.

"तिसरा लागला होता," थोरली म्हणाली, आणि तिला पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, रडू आलं.