मळणी मशीनची नवी फळी

लाइट गेली होती म्हणून आम्ही पोरं गच्चीवर पडलो होतो. थोरले काका वर आले, आमच्यातलीच एक सतरंजी ओढून टेकले.

"ऐकीव नाही सांगत," म्हणाले. "माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. तो सुतार."

"तुमच्याच मित्रांना भुतं कशी भेटतात हो, काका?" मी विचारलं.

"कॉलेज अर्ध्यात सोडलंस. गोष्ट तरी पूर्ण ऐक."

सगळे खिदळले.

विषय गावाच्या इतिहास दालनाचा होता. जुन्या धान्यगोदामात गेल्या वर्षी थाटलेलं. समितीत सगळे साठी उलटलेले. इतिहास जपायचा म्हणजे यांच्या लेखी काय, तर नांगराला चकचकीत रंग फासायचा आणि शेजारी आपल्या बापाचा फोटो टांगायचा. मधोमध मान कुणाला? अध्यक्षांच्या वडिलांच्या मळणी मशीनला.

"शनिवारची संध्याकाळ," काका सांगू लागले. "रविवारी सकाळी उद्घाटन. अध्यक्षांनी सुताराला बोलावलं. म्हणाले, मशीनपुढची फळी बदलून टाक. झिजलीय, पाहुण्यांपुढे बरी दिसत नाही."

ती झिजली होती पायांनी. मशीनच्या तोंडात पेंढ्या सारणारी बाई वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहायची. दोन पावलांचे दोन खळगे, डावा जास्त खोल. ती बाई म्हणजे सुताराची आई.

फळी लांबलचक होती. एका टोकाला ती उभी, दुसऱ्या टोकावर इंजिन सांभाळणारा बसलेला. मशीनच्या धडधडीत हाक ऐकू जायची नाही. म्हणून रीत अशी, की अडचण आली तर टाचेने फळीवर दोनदा ठोकायचं. कानाला नाही, पण बुडाला बरोबर कळायचं. कळलं की इंजिन बंद.

एका रात्री तिचा पदर आत ओढला गेला. वर ढग दाटलेले, माल उघड्यावर. इंजिन बंद झालं नाही. "ठोकलंच नाही तिने," इंजिनवाला म्हणाला. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आता तो समितीचा अध्यक्ष आहे.

सुतार तेव्हा सात-आठ वर्षांचा, फळीच्या इंजिनाकडच्या टोकाशी डोकं टेकून निजलेला. ठोक्यांनीच जागा झाला होता. पोराला विचारतो कोण?

"सुतार अध्यक्षांना म्हणाला, फळी बदलतो. पण जुनी इथंच भिंतीला लावा, खाली आईचं नाव लिहा. बाकी काही नको मला. अध्यक्ष म्हणाले, चांगल्या कामात मेलेलं माणूस कशाला उकरतोस? जाळून टाक ती."

"आणि त्याने ऐकलं?"

"त्याचं दुकान अध्यक्षांच्या गाळ्यात आहे, बाबा."

झालं. गावाचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो. पण तो फलकावर कोण लिहिणार?

काकांचा आवाज खाली आला.

"मध्यरात्र उलटली होती. नवी फळी बसली. जुनी काही त्याच्याने जाळवली नाही, दाराशी टेकवून ठेवली. दमला होता. नव्या फळीच्या इंजिनाकडच्या टोकावर बसला. बिडी काढली. आणि..."

काकांनी तळवा गच्चीवर टेकवला.

"खालून जाणवलं. टक्. टक्."

पोरं सतरंजीवर एकमेकांना चिकटली.

"बॅटरी मारली. पलीकडं कुणी नाही. मशीनला पट्टासुद्धा नाही. पुन्हा... टक्. टक्. भुशाचा वास. घशात कुसळं टोचावीत तसं. पुन्हा. आता जोरात. घाईघाईनं..."

"मग?"

"पळाला नाही तो. उठला. इंजिन नुसता सांगाडा, आत काही नाही. तरी त्याने इंजिन बंद करायचा दांडा धरला. गंजलेला. दोन्ही हातांनी खाली ओढला. म्हणाला, बंद केलं, आई... बंद केलं."

काकांनी हवेत धरलेला दांडा सोडला.

"मग ठोके थांबले. उजाडेपर्यंत तो दांडा धरून बसला होता. सकाळी लोक आले, तर कोऱ्या फळीत दोन खळगे. लाकूड गुळगुळीत झिजलेलं. डावा जास्त खोल."

"जुनी फळी?"

"अध्यक्षांनी जाळली. नव्या फळीवर गालिचा टाकला. फीत कापली."

"काका, तुम्ही समितीत आहात ना? मशीनपुढच्या फलकावरचा मजकूर वाचून सही कुणी केली?" मी विचारलं.

काका चप्पल शोधू लागले. अंधारात ती सापडायला त्यांना फार वेळ लागला. मग जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी दालनात गेलो. फलकावर सोनेरी अक्षरं: 'या यंत्राने गावाला भरभराट दिली. यावर कधीही अपघात झाला नाही.' फळीवर लाल गालिचा, कडेला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"नवा घेतला का?" मी शिपायाला विचारलं.

"तिसरा आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "काल संध्याकाळी टाकला."

मी वाकून पाहिलं. दोन ठिकाणी गालिच्याची लव साफ उडाली होती. डावीकडे तर खालचं लाकूड दिसत होतं.