आभाळाखालचा वाटा

मोठी डिश प्रथमच लावणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे : टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर असतात, आपल्या नव्हे. तलासरीहून ते दक्षिणेच्या अंगाला, तिरपे सापडतात. डिश तसूभर हलली की चित्र गेलेच. हे मी जयवंतीबाईंना किती वेळा सांगितले असेल, याचा हिशेब मी सोडून दिला होता.

अखंड पत्र्याची ती आठ फुटी डिश त्यांनी अच्छाडच्या एका बंद ढाब्यावरून आणली होती. देशाच्या सीमेपलीकडच्या बातम्या छोट्या डिशवर येत नाहीत, आणि त्यांना त्याच हव्या होत्या. त्यांचा नवरा चिमण गुजरातच्या बंदरातून खलाशी म्हणून गेला. बोट परतली नाही. पलीकडे पकडलेल्या खलाशांना कधीकधी बातम्यांत दाखवतात. तो पकडला गेलाय, एवढे कळले तरी पुरे, असे त्या म्हणत. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. डिश लावून देण्याचे कबूल करून बसलो.

नैऋत्येकडे नेमकी लावून जावे, तर पुढच्या खेपेला ती आभाळाकडे आ वासून पडलेली. आत नागली, म्हणजे नाचणी, वाळत घातलेली.

“जयवंतीबाई, माथ्यावर उपग्रह नसतो.”

“ऊन तर असतं ना, सर? का तेपण तिरपंच घ्यायचं?”

“नागली अंगणात वाळवा.”

“अंगणातली कोंबड्यांची. ही त्याच्या वाट्याची. सासू सांगून गेलीय, माणूस बाहेर असला की त्याचा वाटा आभाळाखाली ठेवायचा.”

मी पुन्हा पाना काढला. तेवढ्यात लक्षात आले, आत टीव्ही चालू आहे.

सिग्नल मोजणारा काटा शून्यावर होता. आत गेलो, तर पडद्यावर मात्र बंदराचा एक धक्का दिसत होता. सिमेंटवर माणसे रांगेने बसलेली. आवाज नाही, वाहिनीचे नाव नाही. सगळ्यांच्या माना खाली. मधला एकटा वर पाहत होता.

“तोच,” जयवंतीबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

भरकटलेली लहर असेल, जुने चित्रण असेल. पडताळणीचा मार्ग एकच होता : डिश रिकामी करून योग्य कोनात लावणे.

“राहू द्या, सर. दिसतोय तो.”

“दिसणे म्हणजे पुरावा नव्हे.”

मी बाहेर जाऊन नागली सुपात ओढू लागलो. ऊन कडक होते, तरी दाणे हाताला ओलसर लागत होते.

“सर,” आतून आवाज आला, “त्याचे पाय दिसेनात.”

“चित्र फुटत असेल.”

मी आणखी ओढली.

“सर, हात थांबवा.”

थांबलो नाही. उरलेले दाणे रुमालाने पुसून घेतले.



डिश नैऋत्येला वळवली, बोल्ट आवळले. काटा झरझर चढला. माझे गणित बिनचूक होते.

मी आत गेलो. चित्र स्वच्छ होते, आवाजही होता. निवेदक पकडलेल्या खलाशांविषयी बोलत होता. तोच धक्का, तीच रांग.

रांगेच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. दोन्हीकडचे दोघे अंग चोरून बसले होते, शेजारी कुणी असल्यासारखे.

त्यांच्यामधल्या सिमेंटवर नागली वाळत घातलेली होती.