पाठमोरी

मोबाईल खाली ठेवा आधी. त्याच्या उजेडात तुमची तोंडं भुतासारखी दिसतायत, आणि आज रात्री एकच भूत पुरे.

ही गोष्ट अर्धी मी ऐकलेली आहे आणि अर्धी या डोळ्यांनी पाहिलेली. माझ्या फ्रेमच्या दुकानाला लागून फोटो स्टुडिओ आहे ना, त्या स्टुडिओवाल्याची. तुमच्या सगळ्यांचे पासपोर्टचे फोटो त्यानंच काढलेत. "हनुवटी खाली, हसायचं नाही." आम्ही दुकानदार त्याला हनुवटीच म्हणतो. त्यालाही माहीत आहे, चिडत नाही बिचारा.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दुसरा शनिवार. आभाळात चंद्र नाही, मुद्दामच तशी रात्र निवडलेली. गावाबाहेरचं ते बंद पडलेलं मनोरुग्णालय आहे, तिथं हल्ली फोटो काढणाऱ्यांना तिकीट लावून फिरवतात. सोबत गाईड, डोक्यावर हेल्मेट. कशाला हात लावायचा नाही, एकट्यानं मागं रेंगाळायचं नाही. पडकी छपरं, गंजलेल्या खाटा, यात लोकांना काय दिसतं कुणास ठाऊक. हनुवटीनं बायकोला सांगितलं, "जरा हात साफ करून येतो, जेवायला थांबू नकोस." आणि कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून निघाला.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची थोरली बहीण त्या इमारतीत होती. हा शाळेत असताना वडिलांनी तिला तिथं नेऊन ठेवली आणि चारचौघांत सांगितलं, तापानं गेली. हा मोठा झाला, स्टुडिओ टाकला, लग्न केलं. बायकोला सांगितलं, आईवडिलांना मी एकटाच. आणि इकडे बहीण बसनं जाण्याच्या अंतरावर जिवंत. हा एकदा फाटकापर्यंत गेला होता म्हणे. तिथूनच मागं फिरला. पुढं ती तिथंच वारली, ते याला कळलंसुद्धा उशिरा. आता तिकीट काढून तिची खोली बघायला चालला होता. लाज वाटत नव्हती असं नाही. लाज वाटत होती म्हणून तर कॅमेरा सोबत घेतला. नुसतं कसं जाणार?

आता या लोकांची अंधारात फोटो काढायची रीत ऐका, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, शटर मिनिटभर उघडं सोडायचं, आणि आपण टॉर्च घेऊन समोरच्या खोलीत फिरायचं. भिंतींवर, खाटांवर उजेड पाडत जायचं. फोटोत उजळलेली खोली येते. आपण येत नाही. कारण आपण चालत असतो. जो थांबला तो फोटोत आला.

फिरत फिरत मंडळी मागच्या इमारतीत पोचली. लांबलचक खोली, शेवटाला एक खिडकी. गाईड म्हणजे एक तरुण पोरगी होती, बोलायला चटपटीत. पण इथं तिचा आवाज खाली आला. "ही बायकांची खोली. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, त्या शेवटपर्यंत इथंच राहिल्या." मग सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचं कुणी होतं का इथं? कधीकधी नातेवाईक येतात."

हनुवटी म्हणाला, "छे, आपलं कुठं कुण्णी."

त्यानं स्टँड लावला. बाकीचे दाराबाहेर उभे राहिले. शटर उघडलं. हा टॉर्च घेऊन आत गेला, भिंतींवरून उजेड फिरवला, परत आला. फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटला तेव्हा सगळे त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

खोली सुरेख आली होती. आणि मधोमध, हवेत, उजेडाची अक्षरं. टॉर्चनं लिहिता येतं तशी. पण वेडीवाकडी, लहान मुलाची असतात तशी, आणि उलटी. आरशात दिसतात तशी उलटी.

गाईडनं मान वाकडी करकरून वाचलं. "ढब्बू? कोण ढब्बू? काका, तुम्ही लिहिलंत?"

यानं लिहिलं नव्हतं. यानं फक्त भिंती उजळल्या होत्या. आणि लिहिणाऱ्यानं कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलं, तरच अक्षरं अशी उलटी येतात. हे त्याला धंद्यामुळे ठाऊक.

ढब्बू हा स्वतः होता. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून. तसं त्याला जगात एकच माणूस हाक मारायचा.

आता तरी बोलायचं की नाही? एक वाक्य. माझी बहीण होती इथं. पण समोर अनोळखी माणसं, आणि इतक्या वर्षांचं खोटं.

"काय की," म्हणाला. "टॉर्च हलला असेल."

"परत काढून बघा ना," कुणीतरी म्हणालं.

परत शटर उघडलं. परत हा आत गेला.

या वेळी पावलं दोघांची होती.

याचे बूट... आणि शेजारी अनवाणी पाय. फरशीवर मऊ. हा चालला की चालत. यानं टॉर्च तिकडे वळवला नाही. मला म्हणाला, वळवायला हात होता, मन नव्हतं.

खोलीच्या मध्यावर पावलं थांबली. हासुद्धा क्षणभर थांबला. अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. वाट बघत असल्यासारखं...

याला वाटलं, हाक मारावी. ताई. दोनच अक्षरं.

नाही मारली.

मग ती पावलं निघाली. सावकाश. याच्यापासून लांब. खिडकीपाशी गेली. थांबली.

पुन्हा वाजली नाहीत.

हा बाहेर आला. फोटो उमटला. खिडकीपाशी एक बाई उभी. स्वच्छ, रेखीव, जराही न हललेली. पाठमोरी.

गाईडनं विचारलं, "ही... कोण आहे?"

आणि हनुवटीच्या तोंडून निघालं, "माझी कुणी नाही."

अरे, तुझी कोण हे विचारलं होतं का कुणी? सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ते बघणं अजून अंगावर येतं, म्हणतो.

फोटो त्याच्यानं पुसवेना. आठवड्यानं मोठी प्रत काढून माझ्याकडे आला, म्हणाला, फ्रेम कर. आणि दुकानातच बसून सगळं सांगून टाकलं. मला इतका राग आला, की म्हटलं उठ आणि चालता हो. पण मी फोटो दिव्याखाली धरला, आणि राग जागच्या जागी विरला.

तिच्या अंगात हॉस्पिटलचा तो झगा होता, मागं नाड्या असलेला. नाड्या सुटलेल्या. वरच्याही, खालच्याही. पाठ उघडी. मी त्याला म्हटलं, "या नाड्या आपल्या आपल्याला बांधता येत नाहीत रे. मागं कुणीतरी उभं राहावं लागतं."

तो माझ्या स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडला.

फ्रेम मी स्वतः केली. काच, फोटो, मागं पुठ्ठा, त्याला बारीक खिळे, वरून कागदी पट्टी चारही बाजूंनी डकवलेली. हवा जायची नाही. त्यानं ती घरी नेऊन कपाटामागं दडवली. पावसाळा आला तरी ती तिथंच.

मग एका रात्री बायकोला फ्रेम सापडली. "कोण ही?" तिनं विचारलं. आणि या खेपेला, कसं कोण जाणे, तो बोलला. "माझी बहीण. थोरली." सगळं सांगितलं, फाटकापासून परत आल्याचंसुद्धा. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "नाव काय होतं त्यांचं?"

त्यानं नाव घेतलं. लग्नाला तीस वर्षं झाली, त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

सकाळी वहिनीनं मला बोलावलं, बाहेरच्या खोलीत खिळा ठोकून द्या म्हणून. मी फ्रेम हातात घेतली. आधी उलटी करून पाहिली, सवयच आहे. माझी पट्टी जशीच्या तशी, कुठं नख लागलेलं नाही.

मग सुलटी केली.

झग्याच्या वरच्या नाड्या बांधलेल्या होत्या. नीट गाठ मारून. खालच्या अजून सुटलेल्या, तशाच लोंबत होत्या.

मी हनुवटीकडे पाहिलं. तो फोटोकडे बघत नव्हता, खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "तोंड वळवलंय का रे तिनं?"

मी म्हटलं... नाही. अजून नाही.