ताण देऊ नये

इंदुमती बाबरच्या बागेत तेल्या रोग शोधूनही सापडत नव्हता. डाळिंबाची पाचशे झाडं, पानन् पान तुकतुकीत, कुठे तेलकट ठिपका म्हणून नाही. पण चैत्र उजाडला, आंब्या बहराचे, म्हणजे माघ-फाल्गुनातल्या फुलोऱ्याचे दिवस टळून गेले, तरी झाडांवर कळीही नव्हती.

तेल्या नाही, ही करामत जागलसीची. झाडाला बाहेरून औषध पाजायचं नाही, त्याच्या अंगचीच प्रतिकारशक्ती जागी करायची. तेल्याच्या मेलेल्या जिवाणूचा अंश खोडात टोचला की झाड त्याची ओळख ठेवतं, आणि खरा जिवाणू आला की पानांची रंध्रं मिटून घेतं. सांगोल्याच्या माळावर गेल्या वर्षी ही लस आली, तेव्हा पहिली सुई इंदुमतीच्याच बागेत टोचली गेली. सोबतच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘लसीनंतर झाडांना ताण देऊ नये.’

आता डाळिंबवाल्यांकडे ताण म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग पाणी सोडायचं. तहानलेलं झाड कळ्यांनी फुटतं. ताण नाही तर बहर नाही. पण छापील कागद सांगतोय म्हटल्यावर इंदुमतीने वर्षभर ठिबक बंद केलं नाही. झाडं पाणी पिऊन नुसती माजली.

कंपनीच्या डॉ. मृणाल केळुसकर पाहणीला आल्या.

“लस पूर्ण लागू पडलीय, इंदुताई. कळी नाही, हा तुमच्या मशागतीतला दोष. लसीच्या योजनेचा नियम आहे, न फुलणारी झाडं उपटावी लागतील. इथे सही करा.”

कागदावर लिहिलं होतं, ‘बागायतदाराची चूक.’

“माझी चूक? तुमच्याच कागदावर लिवलंय, ताण दिऊ नका म्हणून.”

“अहो, ताण म्हणजे कडक फवारण्या, जादा छाटणी. पाणी तोडू नका असं कुठे म्हटलंय?”

इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डाळिंबाच्या मुलखात डाळिंबाचं पत्रक वाटायचं, आणि एकाही बागायतदाराला ते आधी वाचून दाखवायचं नाही. वर चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने कागद परत केला, उठली आणि ठिबकाचा कॉक बंद केला.

“आता वेळ टळल्यावर, भर उन्हाळ्यात पाणी तोडलंत तर झाडांची जाग मोडेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेल्या आला तर जबाबदारी तुमची.”

“बारा वर्सं बाग जगवली, तवा कुणाची व्हती?”

बोलली खरी, पण मनातून ती धास्तावली होती. आता बहर येणार तो पावसाळ्यात, आणि दमट हवा म्हणजे तेल्याला आवतणच. जाग मोडली तर बारा वर्षांची बाग डोळ्यांदेखत जाणार होती. सव्वा महिना पानं गळताना ती बघत राहिली. मग पाणी सोडलं, आणि पंधरवड्यात बाग लाल कळ्यांनी भरली. आषाढाची झड लागली, फळं सुपारीएवढी झाली, तरी एका पानावर ठिपका पडला नाही. तहानेने झाडांची जाग मोडली नव्हती, उलट दुपटीने वाढली होती.

डॉक्टरबाईंनी दोन दिवस बसून मोजमापं नेली. दिवाळीच्या सुमाराला त्या नवं पत्रक घेऊन आल्या. ‘नियंत्रित ताण: आमच्या प्रयोगशाळेचं नवं संशोधन. लेखी परवानगीशिवाय वापरू नये.’

इंदुमतीने ते दोनदा वाचलं.

“आन् माझ्या नावाचा त्यो चुकीचा कागद?”

“तो नोंदीत आहे. सही नसली तरी बदलता येत नाही.”

“म्हंजे शोध तुमचा,” इंदुमती म्हणाली, “आन् चूक तेवढी माझी, व्हय?”