धक्क्यावरचे चार टायर

"लुडीन, मी येईपर्यंत होडीला दगड लागू द्यायचा नाही. टायरवर लक्ष ठेव!" डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कॅरियाकूच्या छोट्या बेटावरून मोठ्या बेटावर जाताना आजोबांनी बजावलं होतं.

आणि ईस्टरच्या सुट्टीच्या तिसऱ्याच सकाळी धक्क्याच्या भिंतीवर टांगलेले चारही टायर गायब! प्रत्येक लाटेसरशी आजोबांची होडी 'ऑगस्टीना' दगडावर धाडकन आदळत होती. रंग खरवडून निघाला होता. फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत झिरपत होतं.

"कॅसवेल, रेटून धर!" लुडीन ओरडली. धाकटा भाऊ भिंतीला पाय लावून होडी रेटू लागला. लुडीनने खोपटामागची नारळाची सोडणं कवेत भरून आणली आणि मासे विकणाऱ्या टँटी अर्माइनच्या, म्हणजे अर्माइनमावशीच्या, कांद्याच्या रिकाम्या गोण्या ओढल्या.

"अगं कार्टे, माझ्या गोण्या!"

"होडी फुटतेय, टँटी!"

मग काय, म्हातारी स्वतःच सोडणं ठासायला बसली! चार गच्च गोण्या भिंतीवर लोंबल्या. पुढची लाट आली. धाड् नाही, नुसतं धप्प!

लुडीनने टायरच्या दोराचं उरलेलं टोक पाहिलं आणि तिचं डोकं सणकलं. "झिजून तुटला असता तर धागे पिंजले असते. हा सुरीने कापलाय!"

"जुने टायर कोण चोरणार? फुकट देतात लोक!" असं म्हणता म्हणता कॅसवेल थबकला. हाकेच्या अंतरावर कप्तान रेनरची पांढरीशुभ्र बोट नांगरली होती. ती रोज धक्क्याला पाणी भरायला येई. तिच्या कडेला टायरच्या रबराचा अर्धवट पुसलेला काळा डाग होता!

कॅसवेलने सूर मारला. तो वर आला तो थेट त्या बोटीपाशी. "चारही इथे तळाशी आहेत!"

कप्तान डेकवर आला. "वाऱ्याने गेले असतील, बाळांनो."

"वाऱ्याने?" लुडीन धक्क्यावरून कडाडली. "आणि बरोब्बर तुमच्याच बोटीखाली जाऊन झोपले? पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडून समुद्रात उतरवलेली होडी आहे ही! तुमच्या रंगापायी तिच्या फळ्या फोडायच्या? खरं बोला! बोललात तर टायरना पांढऱ्या शिडाच्या खोळी मी शिवून देईन, डागच पडणार नाहीत. नाहीतर सारा गाव गोळा करते!"

कप्तानाचा चेहरा लाल झाला. "मीच कापले. रोज डाग घासून कंटाळलो होतो. तुमच्या होडीचा विचारच केला नाही."

"विचारच केला नाही म्हणे!" टँटी गरजली. "उतर आधी पाण्यात! टायर काढ, आणि सांधे भरायलाही तूच ये!"

दुपारपर्यंत कप्तान खाली मान घालून राबला. टँटीने दोघांना जवळ ओढलं. "आजोबा आले की मीच सांगणार त्यांना, होडी या पोरांनी वाचवली!"

कॅसवेल खुलला. लुडीनचा राग मात्र उतरला नव्हता. कप्तानाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती घरी गेली, फाटकं शीड काढलं, जाड सुई आणि दोरा घेतला आणि कबूल केलेल्या खोळींसाठी टायरची मापं घ्यायला धक्क्याकडे चालू लागली.