जिन्याकडची भिंत

आमच्या हॉलला चार भिंती होत्या. त्यातल्या तिघींबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

सत्त्याऐंशी साली आम्ही अड्यारला एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आम्ही म्हणजे मी, व्यासराज, आणि माझी बायको कुमुदिनी. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आमचं घराणं तंजावरचं. कैक पिढ्या तमिळ मुलखात राहून आम्ही मराठी बोलतोय, आणि ते कसं बोलतोय हे कुमुद पुण्याहून आल्यावर मला पहिल्यांदा कळलं. "तुमचं बोलणं ऐकलं की बखरीतला कुणीतरी सरदार भाजी घेऊन आल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. ती हे हसत म्हणायची तोवर ठीक होतं. पोंगलनंतर तिचं हसणं कमी झालं. तमिळ जिभेवर बसेना, पाणी दिवसाआड यायचं, आणि घामाला तर सुट्टीच नव्हती. "थोडे दिवस पुण्याला जाऊन येते," असं ती अधूनमधून म्हणायची. पुढे पुढे त्यातला 'थोडे दिवस' गळाला. मग 'येते'सुद्धा अगदी हळू ऐकू यायला लागलं.

अशात एके दिवशी अंबुजावहिनी आल्या. या माझ्या मैलापूरच्या चुलतभावाच्या पत्नी. त्यांच्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू सगळ्या नात्यात प्रसिद्ध. नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या गोलूच्या पायऱ्या चैत्रात पुन्हा काढतात, त्यावर आरास, मध्ये झुल्यावर गौर. त्यांनी आमच्या हॉलवर नजर फिरवली, कॉफीचा टंबलर खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भिंती बऱ्या आहेत. दुसरें काही ठेवलें नाहीस का, कुमुदिनी?"

त्या गेल्यावर कुमुदनं टंबलर तीन वेळा विसळला.

"यंदा चैत्रगौर आपल्याकडे," ती म्हणाली. "हळदीकुंकू मी करणार. आणि हा हॉल पाडव्याच्या आत नवा झाला पाहिजे. पडदे, रंग, सगळं. त्यांचे डोळे दारातच दिपले पाहिजेत."

मला इतका आनंद झाला की मी लगेच शिडी मागायला खाली गेलो. हॉल रंगवणारी बाई पुण्याला जात नाही, असा माझा हिशोब होता. शिवाय रंग हे माझं खातं. मी माउंट रोडवरच्या एका रंगाच्या दुकानात होतो. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे शेडकार्ड धरायचं आणि 'पहाटेची कुजबुज' नावाचा रंग म्हणजे पिवळाच आहे, हे त्यांना हळूहळू पटवून द्यायचं, हे माझं काम.

कुमुदनं फिकट हिरवा निवडला. तिन्ही भिंती आम्ही दोघांनी मिळून रंगवल्या. चौथी, जिन्याकडची, तिनं एकटीनं रंगवली. भिंतीच्या पलीकडून इमारतीचा जिना जातो, म्हणून हे नाव. "ही माझी," कुमुद म्हणाली. नाकावर हिरवा ठिपका, पदर खोचलेला, आणि कित्येक महिन्यांनी ती गुणगुणत होती. मी त्या भिंतीचे मनापासून आभार मानले. इतका मी अडाणी होतो.

रंग वाळला तेव्हा तीन भिंती हिरव्या झाल्या. चौथी कसलीतरी वेगळीच झाली. हिरवीच, पण कच्च्या कैरीला पोटातून लाली चढावी तशी. मी दुकानातून शेडकार्ड आणून लावून पाहिलं. कार्डावर ती छटा नव्हती.

"चुन्याचा जुना थर असेल खाली," मी म्हणालो. "तो रंग खातो."

"खाऊ दे," कुमुद म्हणाली. "छान पचलाय."

दुपारी तिला तिथे टेकून बसायची सवय लागली. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, पण भिंत थंड आहे म्हणे, माठासारखी. संध्याकाळी दुकानातून आल्यावर मीही पाठ टेकली आणि ताडकन उठलो. तव्यासारखी तापली होती.

"तिकडून ऊन येतं," मी म्हणालो.

"तिकडे जिना आहे," ती म्हणाली. "जिन्यात ऊन कुठलं?" आणि ती माझ्यादेखत तिथेच टेकली, डोळे मिटले, आणि तिच्या मानेवरचा घाम सुकताना मी पाहिला.

मग फोटो. लग्नातला आमचा जोडीचा फोटो मी त्या भिंतीवर लावला. सकाळी खिळा जमिनीवर, फोटो पालथा. पुन्हा ठोकला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा कुमुदनं तिचा एकटीचा कॉलेजातला फोटो त्याच भोकातल्या त्याच खिळ्यावर अडकवला. मी खिळा ओढून पाहिला. हलला नाही. मी शिडीवर चढून ओढला. शिडी हलली.

"तुम्हाला ठोकता येत नाही, एवढंच," कुमुद म्हणाली.

मी समंजस माणूस आहे. भिंतीशी भांडत नाही. पण रोज घरी आल्यावर पाहायचो, तर सोफा त्या भिंतीकडे वीतभर सरकलेला असायचा आणि माझी वेताची खुर्ची वीतभर दाराकडे. "जागा मोकळी वाटते," कुमुद म्हणायची. नवे पडदे आले. उशांचे अभ्रे आले. प्रत्येक वस्तू ती आधी त्या भिंतीसमोर धरायची, मान तिरकी करून थांबायची, आणि मग "नाही गं, नको," किंवा "हो ना?" असं म्हणायची.

"कोणाशी बोलतेस?" मी एकदा विचारलं.

"मनाशी."

"मनाला 'गं' म्हणतेस?"

तिनं वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय फ्रिज उघडला होता.

आईला मी तंजावरला ट्रंक कॉल लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "आई, पुरुषाला सवत असूं शकते का?" आईनं विचारलं, "व्यासा, जेवलास का?" लाइन खराब होती. मी जेवलो म्हणालो.

कुमुद खुशीत होती, हे इथे सांगितलं पाहिजे. पुण्याचं नाव नव्हतं. भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करत होती. गजरे माळत होती. जे जे मला हवं होतं ते सगळं घडत होतं, फक्त माझ्यावाचून घडत होतं. रात्री ती हॉलमध्येच चटई टाकायची, गारव्यासाठी. सकाळी तिच्या गालावर भिंतीच्या खरखरीत पोताचा ठसा असायचा आणि भिंतीवर, तिच्या डोक्याच्या उंचीला, मोगऱ्याचा वास. मी तिथे नाक लावून हुंगत असताना ती आतून आली. मी खिळा तपासत असल्यासारखं केलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी कुमुद मैलापूरला गेली. झुला अंबुजावहिनींकडूनच उसना आणायचा होता. तेवढं मोठं मन तिनं केलं होतं. मी रजा टाकली होती. दार लागलं. मी पलंगाखालून डबा काढला.

दुकानात करड्या रंगाचा एक डबा वर्षानुवर्षं पडून होता. बोटींच्या तळाला देतात तसला रंग. कोणी फुकटही नेत नव्हतं. मी तिचा फोटो आणि सणासाठी लावलेली झालर काढायचा प्रयत्न केला, निघेनात. मग त्यांच्या कडेकडेनंच ब्रश मारत गेलो. भिंत शांत होती. काम करताना मी तिला दोन शब्द सुनावले. तमिळमध्ये, कारण असलं काही माझ्या मराठीत नाही. डबा संपला तेव्हा भिंत मेलेल्या माशासारखी दिसत होती. मी ब्रश धुतला, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कुमुदच्या ओरडण्याची वाट बघत वेताच्या खुर्चीत बसलो. खुर्ची तोवर उंबऱ्याला टेकली होती.

कुमुद आली. मागे झुला घेऊन अंबुजावहिनी. दोघी दारातच थांबल्या.

"अय्यो," अंबुजावहिनी म्हणाल्या. "हा रंग कोठून आणलास?"

त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. त्याहून चांगलं काही होतं. त्यांच्या पोटात दुखत होतं.

मी मागे वळून पाहिलं. भिंत कैरीच्या आतल्या गरासारखी उजळली होती. हिरवी, त्यातून पिवळी, त्यातून नुकतं लग्न झालेल्या मुलीच्या पावलांसारखी. करड्याचा एक शिंतोडा नव्हता. मी डब्यात पाहिलं. डबा रिकामाच होता.

"मग गेला कुठे?" मी मोठ्यानं म्हणालो.

"कोण?" कुमुदनं विचारलं. मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "अहो, आता तुम्ही निघा बरं. बायका येतील."

हळदीकुंकवाला पुरुषानं घरात थांबायचं नसतं. लहानपणापासून मी या दिवशी घराबाहेर बसत आलोय. डाळ आणि पन्हं नंतर बाहेर मिळतं. मी जिन्यात आलो. वरच्या वळणावर बसलो. तिथून दार दिसतं, आणि पाठीला तीच भिंत येते, तिच्या पाठीकडून. या बाजूला जुना पांढरा चुना होता. घरमालकानं तो कधी बदलला नव्हता आणि आम्हीही हात लावला नव्हता.

बायका आल्या. रेशमाची सळसळ माझ्या गुडघ्यांना लागून वर गेली. कोणी "बाहेर काढलं वाटतं?" म्हणून हसलं. मीही हसलो. दार बंद झालं.

मी कान भिंतीला लावला. या बाजूनं ती थंडगार होती. पहिल्यांदाच. बरं वाटलं, म्हणून मी डोकंही टेकलं, पाठही टेकली.

आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. पेल्यांचा आवाज. ओटीत पडणारे भिजवलेले हरभरे. "भिंत बघितलीस का?" "बघत राहावंसं वाटतं गं." मग कोणीतरी म्हणालं, नाव घे, कुमुदिनी, नाव घे.

कुमुदनं आढेवेढे घेतले नाहीत.

"चैत्राचा महिना, गौरीला झुला मोगऱ्याचा," तिचा आवाज माझ्या कानापासून बोटभर अंतरावर होता. ती टेकून उभी असणार. "…च्या सोबतीनं संसार माझा सुखाचा."

नाव ऐकू आलं नाही.

आधीचं आलं. नंतरचं आलं. टाळ्या आल्या.

"पुन्हा, पुन्हा!" बायका म्हणाल्या. तिनं पुन्हा घेतलं. मी कान आणखी घट्ट लावला. नावाच्या जागी फक्त भिंतीतून एक हलकी थरथर आली. मांजराच्या गळ्यातून येते तशी.

"गोड नाव आहे," एक अनोळखी बाई म्हणाली. "तुमच्या दिरांचं का?"

"हो तर," अंबुजावहिनी म्हणाल्या. "लहानपणापासून तेंच."

आता आत जायचं, असं मी ठरवलं. रीत गेली खड्ड्यात. दार वाजवायचं आणि त्या सगळ्यांसमोर विचारायचं, कोणतं नाव, ते मला सांगा.

मी उठायला गेलो.

शर्ट उठला नाही.

मी हात मागे टेकून जोर लावला. मग हातही आला नाही.

ओरडायला मी तोंड उघडलं. तोंडात चुन्याची चव आली, आणि थंडावा, माठासारखा.

दार उघडलं. उजेड आणि अत्तराचा वास जिन्यात आला. बायका एकेक करून उतरू लागल्या. मी प्रत्येकीकडे पाहत होतो. प्रत्येकीनं वळणावर येताच पदर आवरून घेतला आणि कठड्याकडून गेली.

आतून एका पुरुषाच्या खोकण्याचा आवाज आला. कुमुद हसली. मी ते हसणं ओळखतो. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलं होतं.

सगळ्यात शेवटी अंबुजावहिनी आल्या. त्या माझ्यासमोर थांबल्या. जवळ वाकल्या. माझ्या गालावर त्यांनी करंगळी अलगद टेकवून पाहिली, आणि ती करडी झालेली करंगळी कठड्याला पुसली.

"जपून उतरा गं," खालच्या बायकांकडे वळून त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत वाळेल."