बेटाबाहेरचं रोप

मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासतो. लॅब नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागच्या रोडला. बी ओल्या कागदात गुंडाळायचं, बराबर ऊब द्यायची आणि कोण उगवलं, कोण मेलं ते बघायचं. मेलेलं बी अंगाऱ्यानं उगवत न्हाई, एवढं मला पक्कं माहीत आहे. म्हणून पुढचं सगळं जसं घडलं तसंच सांगतो. तिखटमीठ लावायची मला सवय न्हाई.

गेल्या साली कंपनीनं मला ट्रेनिंगला नेदरलँडला पाठवलं. एंखाउझन नावाचं बंदराचं गाव. आता तिथं बियाण्याच्या कंपन्या आहेत. चारशे वर्षांमागं तिथून मसाल्याची जहाजं निघायची. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात एका म्हातारीपाशी चिनी मातीची बरणी दिसली. आत जायफळं, पांढरी फटक. तिच्या घराची भिंत पाडताना निघाली म्हणे. हे पांढरं काय, विचारलं, तर म्हणाली, चुना.

मंग तिनं थोडं सांगितलं, बाकी मी नंतर वाचून काढलं. तेव्हा तिथं राजा नव्हता. एक व्यापारी कंपनीच दूर समुद्रापार राज्य करायची. बांदा नावाची चिमुकली बेटं होती, आणि सगळ्या जगाचं जायफळ तेवढ्यातच पिकायचं. कंपनीनं बेटावरची माणसं मारली, उरली त्यांना गुलाम करून नेलं आणि झाडांवर पहारे बसवले. जायफळ विकायचं ते चुन्यात बुडवून, म्हणजे दुसरीकडं कुणी पेरलं तरी उगवू नये. तरीबी बेटाबाहेर कुठं झाड सापडलं की त्याचा निकाल लावायचा. पुढं कंपनीचं दिवाळं वाजलं, बेटं सरकारजमा झाली, मंग देशाला राजा आला आणि बेटं त्याच्या राज्यात गेली. पहारे तसेच राहिले. मला यात फार नवल वाटलं न्हाई. आमचे इन्स्पेक्टरही प्लॉटात भलतं रोप दिसलं की उपटतातच. बरणी आणली, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि विसरून गेलो.

तेव्हा माझ्या बायकोला, मीनाला, आठवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा पोटातच गेलेलं. म्हणून मुलगी झाली तेव्हा नाव दुसरं सुचलंच न्हाई, आकांक्षा. टेंभुर्णीहून माझी माय चांगुणाबाई बाळंतपणाला आली ती राह्यलीच. बाळ फार रडायचं. मायनं गुटी चालू केली. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळायची आणि बोटानं चाटवायची. पोरगी शांत झोपायला लागली, अंगानं भरली. मीना पुन्हा गाणं गुणगुणत कपडे वाळत घालायला लागली. इतकं सुख आमच्या घरानं कधी बघितलं नव्हतं, खरंच सांगतो.

एक दिवस माझं लक्ष सहाणेकडं गेलं.

"माय, हे जायफळ कुठलं?"

"फळीवरचं. चुना लागल्ता, धुऊन घेतला. तूच आणल्तं ना?"

"अगं, शेकडो वर्षांचं जुनं हाय ते!"

"मंग? जुनंच गुणाला येतं. तुमच्या कंपनीवानी न्हाई, दर साली नवीन पिशवी घ्या."

मला हसू आलं. बाळ तर ठणठणीत होतं. बरणी मी कपाटावर ठेवून दिली. झिजून अर्धं राह्यलेलं जायफळ मायनं खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत टाकलं.

ते उगवलं.

जायफळाचं बी वाळलं की मरतं, त्याला फार वेळ लागत न्हाई. हे तर भिंतीत कोरडंठाक झालेलं, वर चुन्यातलं. मी कुंडीतून उकरून बघितलं. मायनं उगाळली ती बाजू नेमकी कोंबाची होती. म्हणजे कोंब सहाणेवरून बाळाच्या पोटात गेला होता आणि मातीत राह्यला होता नुसता गर. त्या गरातून तांबूस देठाचं, चकचकीत पानांचं रोप जालन्याच्या उन्हाळ्यात ताठ उभं होतं.

अबुबकर आमचा फील्ड इन्स्पेक्टर. ईदला तो आणि त्याची बायको गजाला बाळाला बघायला आल्ते. गजालानं लाडानं बाळाच्या करंगळीच्या नखाला मेंदी लावली. अबुबकर कुंडीपाशी उभा राह्यला.

"सर, हे तर जायफळ. कोकणात बघितलंय मी. इथं कसं काय?"

"तेच मला कळून न्हाई राह्यलं."

"मंग ठेवू नका. जागा सोडून उगवलेलं आपण ठेवतो का कुठं? उपटायचं, बस."

मी हसण्यावारी नेलं. मला रोपाचा अभिमान वाटायला लागल्ता, तेही सांगून टाकतो.

त्याच आठवड्यात घरात ओल यायला लागली. भिंतींना मिठाचे पांढरे ओघळ उठले. माठातलं पाणी खारट लागायचं. माय टँकरवाल्याचा उद्धार करायची, पण शेजारच्या एकताभाभी त्याच टँकरचं पाणी पीत होत्या, आणि त्या म्हणाल्या, "आमचं तर गोड हाये बिलकुल." दुपारी रस्ता सुनसान झाला की बाहेरून लाकडावर लाकूड आपटल्याचा ठेका यायचा. एका लयीत, पुष्कळ हातांचा, वल्ही मारल्यावानी. मी खिडकीतून डोकवायचो तेव्हा समोर फक्त ऊन असायचं. ठेका मात्र रोज थोडा जवळ येत होता.

एका सकाळी मीनानं माठ रिकामा केला तर तळाला वाळू निघाली. वाळूत शिंपल्याचा तुकडा होता.

मी विचार केला न्हाई. रोप मुळासकट उपटलं, पिशवीत घातलं, बरणीतली जायफळंही घेतली आणि लॅबमागच्या भट्टीत, जिथं आम्ही नापास बियाणं जाळतो, तिथं सगळं जाळलं. राख होईस्तोवर हललो न्हाई. बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो. मीना दळण आणायला गेल्ती. माय बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"तुझ्या कंपनीचा मानूस आल्ता दुपारी," ती म्हणाली.

"कोण?"

"नाव कुठं सांगितलं त्यानं! गोरा होता, तुझ्या तिकडच्या फोटुतल्या मानसांवानी. एवढ्या उन्हात काळा जाड कोट, आन् बूट ओले चिप्प. फरशी दोनदा पुसली मी."

"काय म्हणला?"

"काईच न्हाई. मी पाणी दिलं, गटागटा पिला बाई ते खारट पाणी. मंग कुंडीकडं गेला. मातीत बोटं घातली, समदी उकरली. रोप न्हाई बघून लई वेळ तिथंच उभा राह्यला."

"मंग?"

"मंग हिच्यापाशी आला. वाकला, हिच्या तोंडाचा वास घेतला."

मी डब्याची पिशवी खाली ठेवली आणि तिच्यापाशी बसलो.

"मला वाटलं, लेकराची हौस असंल. जाताना हिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिल्यावानी. काय चुकलं का रे माझं?"

मी बाळाचं टोपरं काढलं.

टाळूवर तीन बोटांचे पांढरे ठसे होते.

लिंबाचा थेंब टाकून बघितला. बारीक फेस आला. चुनाच होता.

मी डोकं धुतलं. कोमट पाण्यानं, पुन्हा पुन्हा. ठसे लगेच निघाले. मायला म्हणालो, तुझं काही चुकलं न्हाई.

रोप जागेवर असतं तर त्यानं रोप नेलं असतं. ही गोष्ट मी कुणाला बोललो न्हाई.

त्या दिवसापासून घर कोरडं झालं. पाणी गोड आहे. दुपारी काही ऐकू येत न्हाई.

दिवाळी होऊन गेली. आकांक्षा हसते, दूध पिते, शांत झोपते. डॉक्टर म्हणतात, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही लेकरं उशिरा वाढतात. उन्हाळ्यातलं झबलं अजून तिला बराबर बसतं. मीना म्हणते, जपून वापरलं म्हणून टिकलं. जावळ काढलं त्यालाही बरेच दिवस झाले, डोकं अजून तुळतुळीत आहे. माय रोज टाळूला तेल घालते आणि माझ्याकडं बघत न्हाई.

करंगळीच्या नखावर गजालाची मेंदी अजून आहे. मुळापासून टोकापर्यंत, लाल.

परवा मीना बाळाचा हात हातात घेऊन बसली होती. तिनं सहज विचारलं, "हिची नखं तुम्ही कापता का हो?"

मी म्हणालो, "हो, दर रविवारी."